एका सोमवारचा समाजवाद

मगनशेठला दिल्लीत खातं मिळणार, ही बातमी सुरतेतल्या कोसाडच्या चाळीत आली तेव्हा पहिला प्रश्न निघाला तो पाळीचा.

"तठे बी बारा तासनी पाळी का?" योगराजनं विचारलं.

पोराचं तसं काही चुकलं नव्हतं. सुरतेत लूमच्या कारखान्याला खातं म्हणतात. माणूस खात्यात जातो, खात्यातच डबा सोडतो, खात्यातच म्हातारा होतो. दिल्लीत मंत्र्याला मिळतं तेही खातंच, पण तिथं ना धागा तुटत ना कानाला दडे बसत. हे खान्देशातून आलेल्या कारागिरांना समजावून सांगेल असा माणूस चाळीत एकच होता, योगराजचा काका सुकदेव. त्या दिवशी मात्र तो गालातल्या गालात हसला आणि म्हणाला, "तठे पाळी नही ऱ्हास, योगराज. तठे नुसती सुटी ऱ्हास."

सन नव्व्याण्णवचा श्रावण होता. साडेतीन वर्षांत लोकसभेची ही तिसरी निवडणूक. भिंतीवरचा आधीच्या निवडणुकीचा हात जोडलेला उमेदवार अजून नीट फाटलाही नव्हता, तोच त्याच्या तोंडावर मगनशेठचा चेहरा चिकटवला गेला. मगनशेठ म्हणजे सुकदेव ज्या खात्यात सव्वीस संच्यांवर, म्हणजे लूमवर, नजर ठेवायचा त्या खात्याचा मालक. मोठ्या पक्षानं त्याला तिकीट दिलं होतं. माणूस वाईट नव्हता. हसून बोलायचा, कारागिराला 'भाई' म्हणायचा, आणि सुटी मागितली की आणखीच गोड हसायचा.

सुकदेव एकेकाळचा कट्टर समाजवादी. मिसरूड फुटायच्या आधीपासून तो अमळनेरकडच्या खेड्यांतून पक्षाचा कर्णा घेऊन हिंडला होता. पक्षाची निशाणी झोपडी होती तेव्हा त्यानं भिंतींवर झोपड्या काढल्या. मग वडाचं झाड आलं, त्यानं वड काढले. मग नांगरधारी शेतकरी आला, तो काढायला फार अवघड, तरी काढला. शेवटी चाक आलं. चाक काढायला सोपं, पण ते चालेना. पक्ष इतक्यांदा फुटला, जुळला आणि पुन्हा फुटला, की आपण नक्की कुठल्या तुकड्यात आहोत हे सुकदेवलाही सकाळचं वर्तमानपत्र वाचल्याशिवाय कळायचं नाही. ज्यांच्यासाठी घसा बसेपर्यंत ओरडला, ते एकेक करून ज्याला शिव्या दिल्या त्याच्याच मांडीवर जाऊन बसले. तेव्हापासून त्यानं कानाला खडा लावला. यंदा तर मतदानालाही जायचं नाही, असं त्यानं जाहीरच करून टाकलं होतं.

या दुखण्यात त्याला सोबत होती धम्मपालची. धम्मपाल भुसावळकडचा, शेजारच्याच संच्यांवर वीस वर्षं उभा. त्याच्या निळ्या झेंड्याच्या पक्षाची गत याहून बरी नव्हती.

"तुमचा निदान फुटून जुळतो तरी," धम्मपाल म्हणायचा. "आमचा नुसता फुटतो. आता घरटी एक अध्यक्ष पुरेल आम्हाला."

दोघं खात्याबाहेरच्या हातगाडीवर अर्धा-अर्धा चहा घेत एकमेकांच्या पक्षाचं सुतक पाळायचे आणि पोट धरून हसायचे. दुःख खरं होतं, पण एकट्यानं करण्याजोगं नव्हतं.

खरी अडचण घरात होती. सुकदेवची बायको सरलाबाई दहा दिवस त्याच्याशी तुटकच बोलत होती, आणि त्याला कारण होतं कानबाई.

कानबाई ही खान्देशातल्या घराघराची देवी. नागपंचमीनंतरच्या रविवारी तिला बसवायचं. नारळाला डोळे, नथ, कुंकू लावून पाटावर मांडायचं, भाऊबंदांनी एकत्र यायचं, रात्रभर गाणी, आणि सोमवारी वाजतगाजत नदीवर नेऊन बोळवायचं. घरात पुरुष जितके, तितक्या सव्वा-सव्वा मुठी गहू घेऊन त्याचे रोट करायचे. रोट खायचे ते फक्त भाऊबंदांनी. पाहुण्यांना लाह्या-फुटाणे, लेकीला गोडधोड. रोट मात्र कुळाबाहेर जात नाही. आणि सुकदेवच्या कुळात आणखी एक कडक नियम होता: ज्यानं रोट खाल्ला, त्याच्या घरचं चाक सोमवारी फिरायचं नाही. गाडीचं नाही, मोटेचं नाही, जात्याचंसुद्धा नाही.

इतकी वर्षं कानबाई गावीच बसायची. पण आता गावात भाऊबंद उरले होते कुठे? सगळे कोसाडला, शेठच्याच खात्यांत. म्हणून यंदा देवीच सुरतेला आली. सरलाबाईनं घर सारवावं तसं फरशी घासून घेतली, मंडपाला केळीचे खांब सांगून ठेवले आणि नवऱ्याला एकच काम दिलं. सोमवारची सुटी. सगळ्या भाऊबंदांची, एकदम.

दहा दिवस टाळाटाळ करून सुकदेव शेवटी शेठच्या निवडणूक कचेरीत गेला. मनात म्हणाला, आता नाही तर कधी? मतं मागायच्या दिवसांत माणूस नाही म्हणत नाही. कचेरीत गादीवर कोण बसलेलं असावं? भगवान! त्याचा जुना साथी. दोघांनी मिळून वड काढले होते. पारंब्या भगवानच्या, खोड सुकदेवचं. आता भगवानच्या हातात मोबाईल होता आणि मराठी मतांची जबाबदारी त्याच्या गळ्यात होती.

"सुकदेव, अरे तुझ्यासाठी काय पण!" भगवाननं मिठी मारली. "फक्त निवडणूक होऊ दे."

"देवी निवडणुकीपर्यंत थांबत नाही, भगवान."

"मग असं कर, निम्म्या लोकांना सुटी देऊ. निम्मे संचे चालू ठेवू. समतोल."

पूर्वी हाच माणूस 'तडजोड म्हणजे विश्वासघात' असं ओरडायचा, नि ओरडताना त्याच्या मानेच्या शिरा फुगायच्या. सुकदेव उठला. शेठही आतून आला, खांद्यावर हात ठेवून गोड हसला. एवढ्यावरूनच उत्तर कळलं.

घरी आल्यावर सरलाबाईनं त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि विचारायचंही टाळलं. हातातलं सूप खाली ठेवत ती म्हणाली, "ओ चंचलना बाप, तीस वरीस तुम्ही बोंबलनात. सगळा देशले सुखी करनार व्हतात. तुमना समाजवादनी माले एक सोमवार बी दिन्हा नही."

सुकदेवला हे फार लागलं. पक्ष फुटला तेव्हा लागलं नव्हतं इतकं लागलं. कारण बाई खोटं काहीच बोलली नव्हती. आयुष्यभर तिनं याच्या सभांचे कंदील पुसले, साथींच्या भाकऱ्या थापल्या, आणि मागून मागून मागितलं काय, तर एक सोमवार.

तरी रविवारी कानबाई बसलीच. चाळीच्या चौकात मंडप पडला. दिवसपाळीचे लोक सुटून अंघोळी करून येऊ लागले, रातपाळीवाले अजून निघायचे होते, त्यामुळे संध्याकाळचा तो थोडा वेळ सगळे भाऊबंद एका ठिकाणी होते. बायांनी अहिराणी गाणी धरली. नारळाची कानबाई नथ घालून अशी ऐटीत बसली होती, की सुकदेवसारख्या अर्ध्या नास्तिकाचेही हात जोडले गेले. उद्या ही अर्ध्या माणसांनिशी निघणार, चाकं फिरत असताना निघणार, या विचारानं मात्र त्याला देवीकडे बघवेना.

आणि तेवढ्यात जीपगाडी आली. मगनशेठ, मागं भगवान, त्याच्या मागं गळ्यात कॅमेरा अडकवलेला एक माणूस. शेठनं चपला काढल्या, देवीला नमस्कार केला आणि वळून सुरू केलं, "भाईओ! आपणे बधा एक ज कुटुंबना छीए. तमे मारा भाई, हूं तमारो भाई!"

टाळ्या पडल्या. भगवान शेठच्या कानाशी लागला, "प्रसाद घ्या शेठ, फोटो झकास येईल."

आता देवीपुढे दोन ताटं होती. उघड्या ताटात लाह्या-फुटाणे, आल्यागेल्यांसाठी. दुसरं ताट पांढऱ्या फडक्यानं झाकलेलं. जो चांगला प्रसाद तो झाकून ठेवलेला असणार, असा हिशेब सुखी माणूसच करू शकतो. शेठनं फडकं उचललं, आतला जाडजूड रोट काढला, दोन हातांनी तोडला आणि कॅमेऱ्याकडे बघत मोठा घास घेतला.

गाणं जागच्या जागी थांबलं. कुणीतरी बाई "अवं माय!" म्हणून ओरडली. सरलाबाईचा चेहरा लालबुंद झाला. योगराज तर बाह्या सारत पुढं आला. वीस वर्षं खान्देशाबाहेर राहून रोटाचा नियम विसरलेल्या भगवानला तो त्याच क्षणी आठवला, आणि त्याचं तोंड पडलं. शेठ घास चावता चावता थांबला. आपण काहीतरी भलतंच खाल्लं एवढं त्याला समजलं, पण थुंकावं तर कॅमेरा समोर.

सुकदेवच्याही डोक्यात सणक गेलीच होती. माझ्या घरचा रोट, न विचारता! पण दुसऱ्याच क्षणी त्याच्या डोक्यात असा लख्ख उजेड पडला, की तो आतून नाचायलाच लागला. त्यानं योगराजला मागं सारलं, देवीपुढचं कुंकू बोटावर घेतलं आणि मगनशेठच्या कपाळावर हा लांबलचक टिळा ओढला.

"बायांनो, गाणं म्हणा!" तो ओरडला. "आज आपल्या कुळात माणूस वाढला!"

मग त्यानं भाषण केलं. आयुष्यात शेकडो भाषणं केली होती, पण असं नाही. मराठीत सुरू केलं, मोडक्यातोडक्या गुजरातीत शेठला समजावत गेला, अहिराणीत भाऊबंदांना कोपरखळ्या मारत राहिला. समाजवाद हा शब्दही त्यात आला नाही. उमेदवार सगळेच भाऊ म्हणवून घेतात, तो म्हणाला. मत पडलं की भाऊ परका. पण आमच्या मगनशेठनं नुसतं म्हटलं नाही, रोट खाल्ला! आता ते आमचे रक्ताचे भाऊबंद. आजपासून शेठच्या घरचं लग्न ते आमच्या घरचं लग्न, शेठचं सुतक ते आमचं सुतक.

शेठ सुटकेनं हसला. फोटोवाल्यानं धडाधड फोटो काढले.

"आणि आता भाऊबंद म्हणून शेठ आमचा नियमही पाळणार," सुकदेव म्हणाला. "रोट खाल्लेल्याच्या घरचं चाक सोमवारी फिरत नाही."

"एटले? म्हणजे?" शेठनं विचारलं.

"एटले, तुमचे संचे. तुमच्या घरचं चाक तेच ना?"

"बधां खातां बंध?" शेठचा उरलेला घास घशात अडकला. भगवाननं पाणी दिलं आणि घाईघाईनं म्हणाला, "सुकदेव, निम्मी खाती बंद ठेवू. समतोल..."

"अर्धं चाक फिरवून दाखव, भगवान, मग बोलू."

चाळ खदखदून हसली. शेठनं सुकदेवला बाजूला घेतलं आणि हळूच विचारलं, नाही पाळलं तर काय होतं?

"तसं काही नाही, शेठ," सुकदेव शांतपणे म्हणाला. "गावी एका पाटलानं रोट खाऊन मोट चालवली होती."

"पछी?"

"काही नाही. पुढच्याच निवडणुकीत पडला."

पाटील पडला होता हे अगदी खरं. त्याला पाडलं होतं सुकदेवच्याच पक्षानं, घरोघर फिरून, पण ते सांगत बसायची ही वेळ नव्हती. मगनशेठनं एकदा देवीकडे बघितलं, एकदा चौकात खच्चून भरलेल्या मतदारांकडे, आणि मोबाईल मागितला.

सोमवारी सकाळी कोसाडची माणसं दचकून उठली. ऐकू काहीच येत नव्हतं. इतकी वर्षं संच्यांच्या खडखडाटात निजायची-उठायची सवय, त्यामुळे ती शांतता आधी कुणालाच कळेना. मग कुठंतरी चिमणी बोलली, कुणाच्या घरी दूध उतू गेलेलं ऐकू आलं, नि पोरं गल्लीत ओरडत सुटली, "खातं बंद! खातं बंद!" बंद फक्त भाऊबंदांसाठी थोडंच होणार? शेठच्या सगळ्या खात्यांतले ओडिया, भय्ये, सगळेच मोकळे झाले. ओडिया कारागीर आपला मृदंग घेऊन आले. ज्याला कानबाई म्हणजे कोण हेही ठाऊक नव्हतं तो सगळ्यात पुढं नाचत होता.

मिरवणूक तापीकडे निघाली. कानबाईचा पाट सरलाबाईच्या डोक्यावर. हिरवं लुगडं, तोंडभर हळद, आणि पाय असे पडत होते की मागून चालणाऱ्या सुकदेवला लग्नातली सरला आठवली. ती दर चार पावलांना वळून पाहायची, सगळे भाऊबंद आहेत ना? होते. एकजात सगळे होते. मगनशेठसुद्धा होता, अनवाणी, पायांना खडे टोचताहेत म्हणून उड्या मारत. आणि लोकांना वाटत होतं की शेठ भक्तीनं नाचतोय.

तापीच्या काठावर कानबाईची बोळवण झाली. बायांनी डोळे पुसले आणि लगेच फुगड्या घातल्या. शेठ एका दगडावर बसून तळवे चोळत होता. सुकदेव जवळ गेला तसा तो म्हणाला, "सुकदेवभाई, हवे तो वोट पाकुं ने? आता तरी पक्कं? आपण भाऊबंद!"

सुकदेवनं हात जोडले. "शेठ, तुमच्यावर माया जडली म्हणून खरं सांगतो. परक्यानं परक्याला मत दिलेलं मी पाहिलंय. पण खान्देशात भाऊबंदानं भाऊबंदाला मत दिलेलं अजून कुणी पाहिलेलं नाही. बांधावरून डोकी फोडतो आम्ही!"

क्षणभर शेठला कळेना. मग आजूबाजूचे सगळे लोळायला लागले तसा तोही हसला. आता ते हसू नेहमीचं गोड नव्हतं, खरं होतं. "साला, फसाव्यो मने!" असं म्हणून त्यानं सुकदेवच्या पाठीत धपाटा घातला.

धम्मपाल थोडा दूर बसून सगळं बघत होता. तो उठून आला. "वीस वर्षं तुझ्या शेजारच्या संच्यावर उभा आहे," तो म्हणाला. "मला कधी रोटाचा वास दिला नाहीस. शेठनं न विचारता खाल्ला तर भाऊबंद! वा रे तुझा समाजवाद."

तो हसत म्हणाला होता, पण सुकदेवचं हसू मावळलं. तीस वर्षांत हजार सभांतून समता समता केली, आणि ही गोष्ट डोळ्यांपुढं असून दिसली नव्हती. सरलाबाईनं ऐकलं होतं. तिनं डब्यातला रोट काढला आणि धम्मपालपुढं धरला.

"वहिनी, मी देवाचा प्रसाद खात नाही. तुम्हाला माहीत आहे."

"देवीना नही हाऊ. मी भाजेल से. मना हातना खाशी का नही?"

धम्मपालनं तिच्याकडे पाहिलं, मग रोट घेतला, तोडला, चावला, बराच वेळ चावला. सगळे बघत राहिले.

"तूप कमी पडलंय," तो म्हणाला.

"दखा!" सरलाबाई कंबरेवर हात ठेवून ओरडली. "व्हयना भाऊबंद! लगेच नावं ठेवाले लागना!"

सुकदेव हसायला लागला आणि त्याला थांबताच येईना. पोट दुखलं, डोळ्यांतून पाणी आलं, खाली वाळूत बसला तरी हसू आवरेना. पक्ष आठवला, वड आठवला, भगवानच्या पारंब्या आठवल्या, आणि कशाचंच वाईट वाटेना. मग एकदम त्याला कसंनुसं झालं. बाईचं एवढं मोठं काम, आणि आपण वेड्यासारखे लोळतोय. त्यानं डोळे पुसले, सरलाबाईकडे पाहिलं आणि हसू दाबलं.

ती त्याच्या शेजारी वाळूत टेकली, पाय लांब पसरले, ओला पदर पिळला आणि नदीकडे बघत म्हणाली, "हसा ना. आज सोमवार से."